बातमी सगळ्यांना एकदम

कंपनी सेक्रेटरी म्हणजे साहेबांची पत्रं टाइप करणारी बाई नव्हे, हे लोकांना समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली. बिडकीनला माहेरी गेले की काकू हमखास विचारायची, "काय गं, अजून टायपिंगच करती का? बढती नाय का देत तुला?" मी म्हणायची, "काकू, अगं बढतीच आहे ही." तिला ते शेवटपर्यंत पटलं नाही. गावात तिनं सांगून ठेवलं होतं की पोरगी हुशार आहे, पण साहेब खडूस आहे.

म्हणून आधीच सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. एखादी कंपनी लोकांना शेअर विकते तेव्हा ते सगळे लोक तिचे मालक होतात. कुणी मोठा, कुणी चिमूटभर, पण मालक. ह्या मालकांना त्यांच्याच घरात काय चाललंय ते वेळेवर, खरं आणि सगळ्यांना सारखं सांगायचं, हे माझं काम. वेळेवर आणि खरं सांगणं तसं अवघड नाही. खरी कसोटी त्या 'सारखं' ह्या शब्दात आहे.

आमची कंपनी चिकलठाण्याची. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग ओतायची. तिनं शेअर विकायला काढले तेव्हा गावात कौतुकच कौतुक. मास्तरांनी घेतले, रिक्षावाल्यांनी घेतले, देवगाव रंगारीच्या शेतकऱ्यांनी घेतले, शहागंजातल्या दुकानदारांनी घेतले. आपल्या गावची कंपनी म्हणून घेतले हो, ताळेबंद कुणी वाचला? सिल्लोडच्या एका कापूस व्यापाऱ्यानं शेअरचं प्रमाणपत्र सरकीच्या पोत्यात जपून ठेवलं. उंदरांनी त्याचा फडशा पाडला. तो उरलेला कोपरा घेऊन माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, एवढ्यावर जेवढा बसंल तेवढा तरी डिव्हिडंड द्या." मी त्याला नवीन प्रमाणपत्र काढून दिलं, आणि ते कुठं ठेवायचं नाही तेही सांगितलं.

आमची वार्षिक सभा ही शहरातली एक नामांकित गोष्ट होती. कारखान्याच्या कँटीनमध्ये मांडव घालायचा, भाषणं, ठराव, आणि मग जेवण. एका बाजूला पुरी-भाजी आणि जिलबी, दुसऱ्या बाजूला नान-खलिया, म्हणजे आमच्या शहराचा खास मटणाचा रस्सा आणि नान. खलियाच्या वासानं ठराव भराभर मंजूर व्हायचे. पण जेवणाआधी एक माणूस उठून उभा राहायचाच. कादरी चाचा.

कादरी चाचांचं शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली तर तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. वडिलांपासून तीच जागा, भाड्याची. उंच, सडपातळ माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, आणि भिंगावर डोळा लावून लावून उजवी भुवई कायमची वर गेलेली. त्यामुळं ते नुसते बघत असले तरी जाब विचारतायत असं वाटायचं. सभेत माइक हातात घेऊन ते दरवर्षी एकच प्रश्न विचारायचे.

"चेअरमन साहेब, हमकू सबके बाद कायकू मालूम होता?"

लोक हसायचे. साहेब व्यासपीठावरून म्हणायचे, "चाचा, वर्तमानपत्रात जाहिरात देतो की आम्ही!" चाचा म्हणायचे, "हौ, देते. पर उसके पहले भाव कायकू हिलता?" मग साहेब माझ्याकडे बघायचे, मी नियमातलं काहीतरी वाचून दाखवायची, आणि चाचा भुवई तशीच वर ठेवून खाली बसायचे.

मी हसायची नाही. कारण प्रश्न अगदी नेमका होता. आमची नोटीस मुंबईच्या इंग्रजी पेपरात छापून यायची, तो पेपर इथं उशिरा पोचायचा, आणि चाचा उर्दू पेपर वाचायचे. मुंबईच्या मोठ्या म्युच्युअल फंडांचं तसं नव्हतं. त्यांचा माणूस साहेबांना सरळ फोन करायचा, "काय म्हणतोय धंदा?" आणि आमचे साहेब सांगायचे.

साहेबांबद्दल गैरसमज नको. ते आमचे एमडी, कंपनी त्यांच्या वडिलांनी उभी केलेली. माणूस सोन्यासारखा. कामगाराच्या घरी लग्न असलं की पंगतीत वाढायला उभे राहायचे. पण तोंडात तीळ भिजत नसे. आणि पाहुणा समोर असला की मग विचारूच नका. आपल्याकडं पाहुणचार म्हणजे हातचं राखून करायची गोष्ट नाही. जेवण द्यायचं, वेरूळ दाखवायचं, गाडीत मोकळ्या गप्पा मारायच्या. मुंबईहून फंडवाले आले की साहेब त्यांना आधी कारखाना दाखवणार, मग वेरूळला नेणार, आणि त्या वाटेवर पोटातलं सगळं ओठावर आणणार, हे ठरलेलंच होतं.

मी त्यावर माझ्यापुरता एक उपाय काढला होता. फंडवाले येणार असले आणि कंपनीत एखादी मोठी बातमी शिजत असली, तर तिचा जाहीरनामा आदल्या दिवशीच तयार करायचा, सही करायची आणि ऑफिसात शिंद्याकडं देऊन ठेवायचा. शिंदे माझा सहायक, मूळचा कन्नडचा, कामाला वाघ. त्याला सांगून ठेवलेलं, माझा फोन आला की लगेच मुंबईच्या शेअर बाजाराला फॅक्स. आग लागायच्या आधी बादली भरून ठेवावी तशातला हा प्रकार. आणि पाहुण्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर मी स्वतः बसायची. साहेबांना वाटायचं, मला वेरूळची हौस आहे.

आता त्या दिवसाचं सांगते.

मोबाईल नुकते लोकांच्या हातात आले होते, पण शहराबाहेर पडलं की त्यांचं खेळणं व्हायचं. आणि बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी मंडळानं नवे नियम घातले होते, की भाव हलवील अशी बातमी मूठभर लोकांना सांगायची नाही. सांगायची तर सगळ्यांना. चुकून कुणाला सांगितली गेलीच, तर ताबडतोब सगळ्यांना. मला तर ते नियम वाचून आनंदानं भरून आलं होतं. कादरी चाचांचाच प्रश्न कुणीतरी सरकारी भाषेत लिहून काढलाय असं वाटलं.

आदल्या संध्याकाळी आम्हाला परदेशातल्या एका मोठ्या पंप कंपनीची ऑर्डर मिळाली. अनेक वर्षांची. सह्या झाल्या, फॅक्सवर कागद आला, फक्त मूळ प्रत कुरिअरनं यायची होती. ती हातात आली की बाजाराला कळवायचं ठरलं. मी साहेबांना बजावलं, "उद्या फंडाचे लोक येतायत. ह्यातलं एक अक्षर नाही." साहेबांनी गळ्याला चिमूट लावून शपथ घेतली. मी तरीही जाहीरनाम्यावर सही करून शिंद्याकडं दिला.

सकाळी ऑफिसात पोचले तर माझ्या टेबलासमोर कादरी चाचा बसलेले.

"बाई, जरा ये स्लिप देखो. बराबर भरी ना?"

शेअर विकायची स्लिप होती. मी म्हटलं, "चाचा, विकताय?"

"क्या करूं. दुकानाचा मालक दुकान विकतोय. म्हणाला, चाचा, पहला हक तुम्हारा, पर महिन्याच्या आत. नाही तर बाहेर." चाचा मराठी आणि दखनी असं एकत्रच बोलायचे, शहरात आम्ही सगळेच बोलतो. "सगळे शेअर गेले तर कसंबसं जमतंय. इतने साल भाव तो चढ़ा नहीं. रख के क्या करूं?"

"सगळे?"

"सगळे. आधे अब जाते जाते, आधे नमाज के बाद. घड्याळाचे सगळे पुर्जे मी एकदम काढत नाय कधी. आदत है." आणि हसून म्हणाले, "अब तुम्हारी मीटिंग बंद, बाई. शेअर नहीं तो खलिया भी नहीं."

काय सांगू तुम्हाला. शिंद्याच्या ड्रॉवरमध्ये तो जाहीरनामा होता. एक वाक्य बोलले असते, एक वाक्यही कशाला, नुसतं "चाचा, दोन दिवस थांबा" म्हटलं असतं तर चाचांना कळलं असतं. पण मला तेच करायचं नव्हतं. फंडवाल्याच्या कानात सांगणं चुकीचं असेल, तर चाचांच्या कानात सांगणंही चुकीचंच. माणूस आवडतो म्हणून नियम वाकवला, तर साहेब आणि मी एकाच माळेचे मणी. साहेबांना पाहुणे आवडायचे, मला चाचा आवडायचे, एवढाच फरक.

मी स्लिप तपासली. बरोबर होती. "बरोबर आहे, चाचा," एवढंच म्हटलं. चाचांनी भुवई वर ठेवून माझ्याकडं क्षणभर बघितलं, सलाम केला आणि सायकल काढली.

त्यानंतर फंडाचे दोघे आले. एक मॅनेजर, गोरा, जाड काचेचा चष्मा, बोलायला गोड. आणि एक तरुण मुलगी, सगळं वहीत उतरवून घेणारी. कारखाना बघून झाला आणि आम्ही निघालो. गाडी सलीमभाईची, म्हणजे चालवायला सलीमभाई, पुढं मी, मागं साहेब आणि पाहुणे.

पडेगाव गेलं, दौलताबादचा किल्ला आला. तोवर साहेब शहाण्यासारखे यादवांवर बोलत होते. मला जरा धीर आला. घाट चढायला लागलो आणि मॅनेजर हळूच म्हणाला, "सर, किला तो आपका भी मजबूत है, पर ग्रोथ कहां है? सच बोलूं तो हमारे यहां सब कहते हैं, कंपनी सो गई है."

झालं! पाहुण्यानं कंपनीला झोपलेली म्हटलं आणि साहेबांच्या वडिलांचा फोटोच जणू भिंतीवरून पडला.

"सो गई है? अहो, सो गई है म्हणता? कल शाम को ही..." मी मागं वळून "साहेब!" म्हणेपर्यंत ऑर्डर, देश, वर्षं, सगळं बाहेर. ती मुलगी लिहितही होती.

सलीमभाईनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मॅनेजरनं सावकाश खिशातून मोबाईल काढला, बघितलं, काचेजवळ धरला, पुन्हा बघितलं. घाटात कुठली रेंज! मी मनातल्या मनात भद्रा मारुतीला हात जोडले.

वेरूळला उतरल्याबरोबर मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, आत्ताच्या आत्ता बाजाराला कळवावं लागेल."

"आत्ता? मॅडम, मूळ कागद उद्या येईल, उद्या कळवू. ते काय पळत जाऊन शेअर घेणारेत का?"

"घेतील. आणि कुणाकडून घेतील माहीत आहे? आज जो विकतोय त्याच्याकडून."

"माझी कंपनी, माझी ऑर्डर, आणि मी बोलायचं नाही?"

"बोला की साहेब! पण सगळ्यांना एकदम."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "पाहुण्यांसमोर माझी शोभा करताय तुम्ही. समोरची पार्टी नाराज झाली, ऑर्डर फिसकटली तर? तुम्हाला फोन करायचाच असेल तर करा, पण मग उद्या सकाळी टेबलावर राजीनामा घेऊन या."

"आणते," मी म्हटलं. मोठी हिंमत होती अशातला भाग नाही. राग आला होता, आणि रागात माझ्या तोंडून नेहमी एका शब्दाचं उत्तर निघतं. माझ्या घरच्यांना विचारा.

मग मी मॅनेजरकडं गेले आणि सरळ सांगितलं, "गाडीत जे कानावर पडलं ते अजून बाजाराला माहीत नाही. मी आता कळवतेय. तोवर तुम्ही त्यावर काही करायचं नाही, नियम तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे."

तो गोड हसला. "मॅडम, आप भी ना! हम तो केव्ज देखने आए हैं."

गाइड ओळखीचा होता. त्याला म्हटलं, "दादा, पाहुणे लांबून आलेत. कैलास लेणं एकदम सविस्तर. एकही हत्ती सोडायचा नाही." तो खूश झाला. त्याला असं सांगणारं कुणी भेटत नसावं.

देवळाकडच्या रस्त्यावर, बेल-फुलं आणि प्रसाद विकणाऱ्या दुकानांच्या ओळीत, एक एसटीडी बूथ होता. काचेचं खोकं, आत एक स्टूल, एक फोन, वर लाल आकड्यांचं मीटर. दोन फोन होते, पण एकावर 'बंद आहे' लिहून पुठ्ठा टांगलेला. मी आत शिरले, दार ओढून घेतलं आणि ऑफिसला फोन लावला.

"शिंदे, कागद काढ. पाठव."

"पाठवू? मूळ प्रत..."

"'करारावर सह्या झाल्या असून मूळ प्रत अपेक्षित आहे' अशी एक ओळ वाढव. हातानं लिही. बाजूला तुझी सही कर. दुसऱ्या लाइनवरून फॅक्स लाव. आणि बाजाराच्या स्क्रीनवर बातमी दिसली असं तिथला माणूस स्वतः म्हणेपर्यंत मी हा फोन ठेवणार नाही."

मी थांबले. फॅक्स लागेना. लागला तर अर्ध्यात तुटला. शिंदे दुसऱ्या फोनवर ओरडतोय, मी इकडं घामाघूम, मीटरवरचे लाल आकडे पळतायत. बूथवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "ताई, लई बिल व्हईल बरं का."

"होऊ द्या, दादा."

तेवढ्यात काचेबाहेर कोण? मॅनेजर! ऊन लागलं, डोकं दुखतंय असं सांगून तो कैलासातून सटकला होता. मोबाईल उंच धरून रेंज शोधत शोधत आला आणि बूथ दिसताच थबकला. आत मी. त्यानं बंद फोनवरचा पुठ्ठा वाचला. मग काचेवर बोट वाजवलं आणि कानाशी हात नेऊन खूण केली, झालं का? मी मान हलवली, नाही. तो घड्याळ बघत उभा राहिला. हातात सुटी नाणी.

माझा जीव टांगणीला. आम्ही दोघं एका काचेच्या दोन बाजूंना. त्याचा फोन आधी गेला असता तर त्याच्या ऑफिसातली दहा माणसं खरेदीला लागली असती, आणि तिकडं शहरात गुलमंडीवर ब्रोकरकडं चाचा दुसरी स्लिप घेऊन पोचले असते. चाचांचं वर्षानुवर्षं सांभाळलेलं त्याच्या एका फोनवर स्वस्तात गेलं असतं, आणि चाचांना ते नेहमीसारखं सगळ्यात शेवटी कळलं असतं.

मग साहेब आले. पाहुणा हरवला म्हणून शोधत आले असावेत. त्यांनी मॅनेजरला बघितलं, काचेतून मला बघितलं.

"अहो, इथं काय करताय?"

"कुछ नहीं सर, घर पे एक फोन करना था."

"घर पे की ऑफिस में?"

मॅनेजर हसला. "सर, हमारे लिए तो ऑफिस ही घर है."

साहेब हसले नाहीत. कितीही भोळे असले तरी चार पिढ्यांच्या व्यापाऱ्याच्या घरातला माणूस. मी काचेतून त्यांचा चेहरा बदलताना बघितला. त्यांना वाटलं होतं आपण पाहुण्याशी गप्पा मारल्या, आणि पाहुणा तर त्या गप्पा विकायला उभा होता. क्षणभर मला वाटलं ते त्याला चार शब्द सुनावतील. पण नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर प्रेमानं हात टाकला आणि म्हणाले, "सरदर्द है ना? चलो, पहले गन्ने का रस पियो. हमारे यहां मेहमान बिना रस पिए फोन नहीं करता." असा रिवाज आमच्याकडं कुठंही नाही. साहेबांनी तो त्याच क्षणी काढला. मॅनेजर "नहीं सर, बस एक मिनट" म्हणत राहिला, पण आमच्या साहेबांचा पाहुणचार अंगावर आला की त्यातून सुटका नसते. एक ग्लास झाला, दुसरा आला, वर दौलताबादचे पेरू मीठ-तिखट लावून आले.

आणि फोनमधून शिंद्याचा आवाज फुटला, "मॅडम, दिसली! बातमी दिसली! स्क्रीनवर आली म्हणतायत!"

मी फोन ठेवला. बूथवाल्याचं बिल चुकतं केलं. दार उघडून रसवंतीकडं गेले आणि मॅनेजरला म्हटलं, "जाइए, अब आराम से फोन कीजिए. अब पूरे हिंदुस्तान को मालूम है."

त्यानं ग्लास खाली ठेवला. फोन करायला तो काही गेला नाही. परतीच्या वाटेवर गाडीत त्याचं डोकं खरोखरच दुखत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राजीनामा नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला. ऑर्डरची मूळ प्रत नुकतीच येऊन पडली होती, समोरच्या पार्टीनं अभिनंदनही पाठवलं होतं. साहेबांनी राजीनामा शांतपणे वाचला, घडी घातली आणि आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. "हा माझ्याकडं राहू द्या. पुन्हा कधी माझं तोंड सुटलं तर आठवण करून द्या." मी निवृत्त होईपर्यंत तो तिथंच होता. पुढं कधी पाहुण्यांसमोर गप्पा रंगात आल्या की साहेब मध्येच थांबायचे आणि ड्रॉवर ओढल्यासारखी खूण करून मला हसायचे. सेक्रेटरी म्हणून मला मिळालेलं सगळ्यात मोठं प्रमाणपत्र तेच.

पण कादरी चाचांकडं जायची माझी हिंमत होत नव्हती. भाव तर उसळला होता. शेवटी एका संध्याकाळी शहागंजात गेले. चाचा भिंग लावून एका मनगटी घड्याळावर वाकलेले. मान वर न करता म्हणाले, "बैठो बाई."

मी स्टुलावर बसले. मग चिमटा चालवत चालवतच म्हणाले, "सुबह के आधे चले गए. दोपहर को ब्रोकर के पास पहुंचा, तो वो बोला, चाचा रुको, स्क्रीन देखो. तिथं सगळे उभे. कपडेवाला, मास्तर, सगळे. सब एक साथ पढ़ रहे थे." चिमटा थांबला. "सुबह तुम्हारे सामने बैठा था मैं. तुमकू मालूम था?"

"माहीत होतं, चाचा."

"बोले नहीं."

"नाही बोलले."

"और वो बंबईवाले, जिनको हमेशा पहले मालूम होता? उनको बोले?"

"नाही. साहेबांच्या तोंडून निघून गेलं, पण त्यांना फोन करू दिला नाही. आधी सगळ्यांना सांगितलं."

चाचांनी भिंग काढलं. पहिल्यांदाच मी त्यांची उजवी भुवई खाली आलेली बघितली. घड्याळाचं झाकण लावलं, कानाशी नेऊन ऐकलं आणि बाजूला ठेवलं. "सकाळचे पैसे आणि उरलेल्यातले काही चढ्या भावानं विकून दुकान झालं. ऊपर से थोड़े शेअर बच भी गए." मग बाहेर बघून हाक मारली, "दो चाय!"

त्यांनी मला माफ केलं की नाही ते बोलून दाखवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. चहा मात्र घेतला. सकाळचे ते अर्धे शेअर मला अजून डाचतात, अगदी रात्री उठून बसावं असे. तरीही पुन्हा तशीच सकाळ आली तर मी तेच करीन. "स्लिप बरोबर आहे, चाचा" म्हणीन, आणि बातमी पोटातच ठेवीन.

त्या वर्षीची सभा भरली. मांडव, भाषणं, ठराव, खलियाचा वास. साहेबांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" आणि पांढरी टोपी उठली. कँटीनमध्ये हशा सुरू झाला, लोकांना पाठ झालेलं. साहेब खुर्चीत सावरून बसले. माझ्या हातातला पेन थांबला.

चाचांनी माइक घेतला. साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"इस साल मेरा कोई सवाल नहीं," ते म्हणाले, आणि खाली बसले.

हशा विरला. काहींना वाटलं चाचा थकले. मी मान खाली घालून लिहीत राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि सेक्रेटरीनं सभेत रडू नये.

सभेच्या इतिवृत्तात कुणी काय विचारलं आणि त्याला काय उत्तर दिलं ते लिहायचं असतं. न विचारलेला प्रश्न कुणी लिहीत नाही. मी लिहिला. 'सभासद श्री. कादरी यांनी या वर्षी प्रश्न नसल्याचे सांगितले.' साहेबांसमोर सहीला ठेवलं तेव्हा ते त्या ओळीवर थांबले.

"हे कशाला?"

"राहू द्या, साहेब," मी म्हटलं. "ह्याच्यासाठीच नोकरी केली."

साहेबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि खाली सही केली.